पहिल्या यशानंतर रॉक बँड का मंदावतात?

पूर्व विदर्भातील ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या भागातील महाविद्यालयीन मुले इंग्रजी रॉक संगीत ऐकतात, याचे आश्चर्य वाटण्याचे दिवस आता गेले. पूर्वी ज्या बँडची एखादी कॅसेट मिळवायची तर नागपूरची सीताबर्डी गाठावी लागत असे, त्या बँडची पन्नास वर्षांतली सगळी गाणी २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यापासून धानाच्या बांधावर बसूनही ऐकता येतात. गाण्यांबरोबर त्यांच्याभोवतीचे जुने वादही आमच्याकडे पोहोचले आहेत. ‘पयलेचेच गाने बेस (म्हणजे चांगले) होते जी, आता तं नुसता आवाज हाये,’ हे वाक्य मी निरनिराळ्या मुलांच्या तोंडून निरनिराळ्या बँडबद्दल ऐकले आहे, आणि हेच मत लंडन-न्यूयॉर्कमधील समीक्षक गेली साठ वर्षे जरा सजवून मांडत आले आहेत. प्रसिद्ध बँड सुरुवातीच्या यशानंतर नवे आणि चांगले काही करू शकतात का, या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा एकाच बँडचा चाहता असतो. प्रतिभा आटते हे सर्वांत सोपे स्पष्टीकरण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत शेवटी विचारात घ्यावे. त्याआधी बँडला मिळणारा वेळ, त्याच्या डोक्यावरची उचल आणि समोर बसलेल्या श्रोत्यांची मागणी पाहावी.

ज्यांना या संगीताची फारशी ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. येथे बँड म्हणजे वरातीत वाजणारी बँड पार्टी नव्हे. चार-पाच जण विजेवर चालणारी गिटार, खालचे सूर धरून ठेवणारी बेस गिटार आणि ड्रम घेऊन एकत्र येतात, स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच चाली लावतात आणि स्वतःच गातात, अशा गटाला रॉक बँड म्हणतात. आपल्या चित्रपटसंगीतात गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा आणि गायक वेगळा असतो, त्यामुळे एक जण थकला तर निर्माता दुसऱ्याकडे जातो. रॉक बँडला ती सोय नसते. त्याच चार जणांनी दर दीड-दोन वर्षांनी दहा-बारा नवी गाणी एकत्र करून द्यायची असतात, आणि अशा एका संचाला अल्बम म्हणतात.

पहिला अल्बम चांगला का निघतो, हे समजून घेण्यासाठी बीटल्स या इंग्लंडमधील बँडकडे पाहावे. ११ फेब्रुवारी १९६३ या दिवशी सकाळी दहा वाजता ते लंडनच्या स्टुडिओत शिरले आणि रात्री पावणेअकरापर्यंत त्यांनी पहिल्या अल्बममधील दहा गाणी ध्वनिमुद्रित करून टाकली. त्यांच्यातील गायक जॉन लेननला त्या दिवशी सर्दी झाली होती. घसा कसाबसा सांभाळण्यासाठी तो दिवसभर गोळ्या चघळत होता, आणि ज्या गाण्यात अक्षरशः ओरडावे लागते ते गाणे मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवले होते, कारण ते गायल्यावर आवाज राहणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. आजही ते गाणे ऐकताना घसा फाटत असल्याचे कानाला कळते. एका दिवसात अल्बम झाला, असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु त्यामागे १९६० ते १९६२ या काळात जर्मनीतील हँबर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवण्याची मेहनत होती. कोणत्या गाण्याला गर्दी थांबते आणि कोणत्या गाण्याला लोक उठून जातात, हे त्यांना तेथेच कळले होते. पहिला अल्बम एका दिवसाचा नव्हता, तो कित्येक वर्षांचा साठा होता.

दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमच्या वेळी हा साठा संपलेला असतो आणि तो भरायला फुरसत मिळत नाही. बीटल्सचे १९६४ हे वर्ष पाहिले तर याचा अंदाज येतो. फेब्रुवारीत अमेरिका, जूनमध्ये युरोप, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा अमेरिका, मध्येच एका चित्रपटाचे चित्रीकरण, आणि एवढे करून वर्षभरात दोन अल्बम. जुलैतील अल्बममधील तेराही गाणी लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी लिहिलेली होती. डिसेंबरमधील अल्बममध्ये मात्र चौदापैकी सहा गाणी इतरांची, जुनी होती. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावरील चौघांचे चेहरेही थकलेले दिसतात. तेवढ्यावरून कोणी ‘बीटल्स संपले’ असा निकाल दिला असता, तर आज आपण त्याला हसलो असतो, पण त्या डिसेंबरमध्ये तो निकाल अगदीच वेडगळ ठरला नसता.

पुढे काय घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. १९६५ च्या अखेरीपासून त्यांनी स्टुडिओत जास्त वेळ मागून घ्यायला सुरुवात केली. ५ ऑगस्ट १९६६ रोजी ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम आला, ज्यात ध्वनिफितीचे तुकडे जोडून गोल फिरवणे, फीत उलटी वाजवणे असे प्रयोग होते. त्याच महिन्यात त्यांचा अमेरिकेचा दौरा झाला आणि त्या दौऱ्यात त्यांनी या नव्या अल्बममधील एकही गाणे मंचावर वाजवले नाही. एक तर ती गाणी चार माणसांनी मंचावर वाजवण्यासारखी नव्हती, आणि दुसरे म्हणजे समोरच्या किंकाळ्यांमध्ये त्यांना स्वतःचे वाजवणेही नीट ऐकू येत नसे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी शेवटचा दौऱ्यावरचा कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे बंद केले. नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत ते एकाच अल्बमवर काम करत राहिले आणि १९६७ साली ‘सार्जंट पेपर्स’ प्रसिद्ध झाला. पहिल्या अल्बममधील बहुतेक गाण्यांना एक दिवस पुरला होता, या अल्बमला पाच महिने लागले. माणसे तीच होती.

दौरे बंद करण्याची चैन मात्र प्रत्येकाला परवडत नाही, आणि येथे पैशाचा भाग येतो. ध्वनिमुद्रण कंपनी नव्या बँडशी करार करते तेव्हा सहसा एका अल्बमचा करत नाही, पुढच्या काही अल्बमचा एकदम करते, आणि सुरुवातीला उचल देते. ही उचल बक्षीस नसते. बँडच्या वाट्याला येणाऱ्या मानधनातून ती वसूल होते, आणि बहुतेक करारांत स्टुडिओचा खर्चही त्यातच धरला जातो. गाणे रेडिओवर दिवसभर वाजत असताना ते गाणाऱ्याच्या हातात फारसे काही आलेले नसते, असे अनेकदा घडते. मग कंपनी म्हणते दौरा करा, दौऱ्यावर लोक म्हणतात तेच गाणे गा, आणि दौरा संपताच कंपनी विचारते की पुढचा अल्बम कुठे आहे. ज्या माणसाने आपल्या गावातील बेकारीवर, प्रेमावर, बापाशी झालेल्या भांडणावर गाणी लिहिली होती, त्याला आता लिहायला विषय उरतात ते विमानतळ, हॉटेलच्या खोल्या आणि पत्रकार. दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमवर ‘प्रसिद्धीचा कंटाळा’ या विषयावरील गाणी इतकी का आढळतात, याचे कारण एवढेच आहे.

केवळ वेळ आणि पैसा दिला की सर्व ठीक होते, असेही मात्र नाही. गन्स एन’ रोझेस या अमेरिकी बँडने १९८७ साली पहिला अल्बम काढला आणि तो प्रचंड खपला. १९९१ साली त्यांनी एकदम दोन अल्बम काढले, आणि स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यापुढचा अल्बम आला तो थेट २००८ साली. सतरा वर्षांत मूळ पाच जणांपैकी बँडमध्ये फक्त गायक अॅक्सल रोझ उरला होता. वेळ होता, पैसा होता, ‘हे बरोबर नाही’ असे तोंडावर सांगणारे जुने सोबती नव्हते. तो अल्बम टाकाऊ नाही, पण सतरा वर्षे थांबण्यासारखे त्यात काय होते, असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही.

आता श्रोत्यांकडे वळू. माझ्या मते या प्रश्नाचा सर्वांत मोठा भाग येथे आहे, आणि तो समजण्यासाठी आमच्या झाडीपट्टीतील रंगभूमी उपयोगी पडते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये उघडतात, गावोगावची मंडळे मंडई (म्हणजे गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने नाटक ठरवतात, आणि रात्री सुरू झालेला प्रयोग ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅडच्या साथीने पहाटेपर्यंत रंगतो. मागच्या वर्षी गावात झालेले नाटकच यंदा पुन्हा लावले तर मंडळाला तिकिटे खपवणे जड जाते, म्हणून कंपनीला दर हंगामात नवे नाटक उभे करावे लागते. झाडीपट्टीतील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या पाच हजारांवर प्रयोगांचा आणि त्यांतील सुमारे आठशे भूमिकांचा उल्लेख झाला होता. आठशे भूमिका!

रॉक बँडचे गणित याच्या नेमके उलटे असते. रोलिंग स्टोन्स या बँडचे सर्वांत गाजलेले गाणे १९६५ सालचे आहे आणि साठ वर्षांनंतरही ते गायल्याशिवाय लोक त्यांना घरी जाऊ देत नाहीत. २००५ नंतर त्यांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला तो २०२३ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. दरम्यान २०१६ साली आलेला अल्बम इतरांच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा होता. या काळात त्यांचे दौरे होत राहिले आणि मैदाने भरत राहिली. तिकीट जुन्या गाण्यासाठी खपत असेल, तर नवे गाणे लिहिण्याची गरज फक्त लिहिणाऱ्याच्या मनात उरते. झाडीपट्टीतला प्रेक्षक जुन्यासाठी पैसे मोजत नाही, रॉकचा श्रोता नव्यासाठी मोजत नाही. बँडला ‘तुम्ही तेच ते करता’ असे म्हणणारा श्रोता नवे गाणे सुरू होताच चहा प्यायला उठतो, हे त्यानेही मान्य केले पाहिजे.

अर्थात दर वर्षी नवे करावे लागले म्हणून अस्सल निर्माण होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. झाडीपट्टीत नाव नवे आणि गोष्ट जुनी, असे नाटक पुष्कळ वेळा पाहायला मिळते, आणि घाईत उभ्या केलेल्या प्रयोगात प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. नवे असणे, अस्सल असणे आणि चांगले असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियातील बँडने गेल्या पन्नास वर्षांत आपला बाज जवळजवळ बदलला नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट मरण पावला, त्याच वर्षी त्यांनी नवा गायक घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. त्यात नवे असे काही शोधू नये. तरी तो उत्तम आहे. याउलट मेटॅलिका या बँडने २००३ साली मुद्दाम वेगळे करायचे म्हणून गिटारचे एकल वादन गाळले आणि ड्रमचा आवाज डबा बडवल्यासारखा ठेवला. धाडस होते यात शंका नाही, पण ऐकवत नाही.

आणखी एक बाब आहे, जी संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना लगेच दिसते आणि इतरांच्या बहुधा लक्षात येत नाही. कोणत्याही बँडचे सगळे अल्बम सारख्या तोलाचे नसतात. मेहनत तीच असूनही कधी चाल जुळते, कधी वेळ जुळते, कधी जुळत नाही. आता आपल्यापर्यंत पोहोचतात ते कोणते बँड? ज्यांचा एखादा अल्बम असामान्य जुळून आला तेच. म्हणजे आपली ओळख होते तेव्हा बँड बहुधा स्वतःच्या सरासरीपेक्षा बराच वर असतो, आणि पुढचा अल्बम त्या सरासरीच्या जवळ आला की आपल्याला ती घसरण वाटते. बँड कदाचित होता तेथेच असतो. ज्यांचा पहिला अल्बम साधारण होता आणि ज्यांना दुसरी संधी मिळाली नाही, ते बँड आपल्या हिशेबात येतच नाहीत. त्यात मोबाइलवरचे अॅप गाणी सालानुसार न दाखवता जास्त ऐकली गेलेली आधी दाखवते, त्यामुळे ज्याने फक्त वरची पाच गाणी ऐकली त्याला बाकीचे सारे उतारावरचेच वाटणार.

ज्यांना यश उशिरा मिळाले त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा पटतो. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम १९६७ सालचा आहे. त्यांची बहुतेक गाणी लिहिणारा सिड बॅरेट १९६८ मध्ये बँडबाहेर गेला, आणि ज्या अल्बममुळे ते जगभर माहीत झाले, तो १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ त्यांचा आठवा अल्बम होता. फ्लीटवुड मॅकचा १९७७ सालचा ‘रूमर्स’ हा अकरावा होता. बँडचे वय वाढले की गाणी वाईट होतात हा नियम असता, तर हे दोन्ही अल्बम निघायलाच नको होते. त्यांना शिखर गाठण्याआधी चुका करायला जागा मिळाली, कारण कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जस्टिन बर्ग यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याच प्रश्नाशी निगडित आहे. १९५९ ते २०१० या काळातील सुमारे ६९ हजार कलाकारांची तीस लाखांहून अधिक गाणी त्यांनी तपासली. पहिले गाणे गाजण्याच्या आधीच ज्यांच्याकडे वेगवेगळ्या तऱ्हेच्या आणि प्रचलित बाजापेक्षा निराळ्या गाण्यांचा साठा होता, ते पुढेही गाजत राहण्याची शक्यता जास्त असल्याचे त्यांना आढळले. गंमत अशी की अशा निराळ्या साठ्याच्या कलाकारांना पहिले यश मिळण्याची शक्यता मात्र कमी असते. चालू बाजासारखे गाणारा लवकर वर येतो आणि तेथेच अडकतो. त्याने दुसरे काही केले की श्रोते म्हणतात हा तो नव्हे, आणि तेच केले की म्हणतात हे ऐकले आहे.

या कोंडीतून बाहेर पडलेल्यांमध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९९२ साली आलेले ‘क्रीप’ हे त्यांचे एक गाणे पुढच्या वर्षी गाजले आणि लोक त्या एका गाण्यासाठी त्यांच्या कार्यक्रमांना येऊ लागले, याचा त्यांनाच वीट आला. पुढे १९९७ सालच्या ‘ओके कॉम्प्युटर’ने त्यांना मोठे नाव दिले, त्याच्या दौऱ्याने त्यांना थकवले, आणि गायक थॉम यॉर्कला गिटारवर काही सुचेनासे झाले. तेव्हा त्यांनी गिटार बाजूला ठेवून सिंथेसायझर आणि संगणकावर काम सुरू केले. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या ‘किड ए’ या अल्बममधील एकही गाणे त्यांनी स्वतंत्रपणे बाजारात आणले नाही, तरी तो इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. आयर्लंडमधील यू-टू या बँडनेही १९८७ च्या मोठ्या यशानंतर टीका सोसली, १९९० साली बर्लिनमधील स्टुडिओ गाठला, तेथे फुटण्याइतके भांडण झाले, आणि त्या भांडणाच्या दिवसांतच ‘वन’ हे गाणे तयार झाले. दोन्ही बँडनी आपल्या हातातले सवयीचे वाद्य किंवा सवयीची पद्धत सोडली. मला हे धाडस प्रतिभेपेक्षा दुर्मीळ वाटते, कारण ज्या गोष्टीसाठी लोक टाळ्या वाजवतात ती स्वतःहून सोडणे माणसाच्या स्वभावात नसते.

बँडमध्ये लिहिणारे किती जण आहेत, यावरही बरेच अवलंबून असते. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बल्सारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तेथेच त्याने पहिल्यांदा शाळकरी बँडमध्ये वाजवले. परंतु क्वीन टिकला तो एकट्या त्याच्यावर नव्हे. त्यांच्यातील चौघेही गाणी लिहीत, आणि चौघांनीही कधी ना कधी जगभर गाजलेले गाणे दिले. १९८० साली त्यांचे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे गाणे बेस गिटार वाजवणाऱ्या, एरवी गप्प असणाऱ्या जॉन डीकनचे होते. एकच विहीर असलेल्या बँडची ती आटली की सगळे संपते. येथे चार होत्या. अशा बँडमध्ये नावावरून आणि पैशावरून भांडणे मात्र जास्त होतात, कारण गाणे ज्याच्या नावावर असते त्याला मानधनाचा जास्त वाटा मिळतो. आर.ई.एम. या अमेरिकी बँडने सुरुवातीपासूनच सर्व गाणी चौघांच्या नावावर लावली, आणि १९९७ साली ड्रमवादक बँड सोडून गेल्यानंतरही ते २०११ पर्यंत, एकमेकांना कोर्टात न खेचता, टिकून राहिले.

वयाचा प्रश्न उरतो. आवाज खालच्या पट्टीत उतरतो, हात मंदावतात, साथीदार मरण पावतात. त्यावर लांबण लावण्यात अर्थ नाही. ऐकणाऱ्याच्या वयाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सोळा ते बावीस या वयात ऐकलेले संगीत माणसाला आयुष्यभर जवळचे वाटते, त्यामुळे एखाद्या बँडचा कोणता अल्बम ‘शेवटचा चांगला’ होता, हे विचारले तर उत्तर देणाऱ्याचे जन्मसाल बऱ्यापैकी ओळखता येते.

ज्याला हे स्वतः तपासायचे असेल त्याने अॅपवरील लोकप्रिय गाण्यांची यादी बाजूला ठेवून बीटल्सचे तीन अल्बम सालाच्या क्रमाने अथपासून इतिपर्यंत ऐकावेत: मार्च १९६३ चा पहिला, डिसेंबर १९६४ चा थकलेला आणि ऑगस्ट १९६६ चा ‘रिव्हॉल्व्हर’. तिन्ही मिळून दोन तासांच्या आत संपतात, म्हणजे वडशाहून नागपूरला जाणारी एसटी उमरेडच्या पुढे जाईपर्यंत ऐकून होतील. मधला अल्बम कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये. तिसऱ्या अल्बममध्ये काय बदलले, हे त्याच्याशिवाय कळत नाही.